छोटी पाणबुडी आणि दादाची विहीर

धरमपेठेत बसून पाणबुड्यांवर पुस्तक लिहिणारी मी एकटीच असेन. शेजारीण विचारते, "काहून हो मॅडम, तुमाले दुसरं काही सुचत नाही काय?" नाही सुचत. महायुद्धातल्या त्या छोट्या पाणबुड्या डोक्यात ठाण मांडून बसल्यात: आत कोंबलेली तीन-चार माणसं, शत्रूच्या बंदरात चोरून शिरायचं आणि मोठ्या जहाजाखाली सुरुंग ठेवायचा.

उन्हाळ्यात नरखेड तालुक्यात दादाकडे गेले, तेव्हा लिहिलेले कागद सोबत नेले. त्याची संत्र्याची बाग सुकायला लागली होती, कारण विहिरीतल्या पंपाचं तोंड गाळानं बुजलं होतं. दरवर्षी दादाच उतरून ते साफ करायचा. कमरेला दोर, आणि दोर धरायला वर वहिनी. अधूनमधून ती एक हिसका द्यायची, खालून एक हिसका यायचा, की समजायचं सगळं ठीक आहे. दिवाळीत वहिनी गेली. तेव्हापासून दादा विहिरीकडे फिरकला नव्हता, आणि गड्यांनाही उतरू देत नव्हता.

संध्याकाळी त्याला एक प्रकरण वाचून दाखवलं. छोटीला मोठी पाणबुडी दोरानं ओढत न्यायची. एकदा दोर तुटला, आतली माणसं गेली. हे एका ओळीत उरकून मी थेट स्फोटावर पोचले होते.

दादानं थांबवलं. "दोर तुटला, हे पुढच्या लोकायले कवा समजलं?"

"फार उशिरा. तासन् तास ते रिकामा दोरच ओढत होते."

"आन् तू त्याले एकच ओळ देल्ली?"

मला राग आला. इतकी पुस्तकं पालथी घातली मी, आणि हा मला शिकवतो!

सकाळी त्यानं दोर आणून माझ्या हातात दिला. "चाल वं."

तो उतरला. मी हिसका दिला, खालून आला. दुसरा दिला, आला. तिसऱ्याला काहीच नाही. पुन्हा दिला. नाही. "दादा!" मी किंचाळले.

"ठीक हाये मी," खालून आवाज आला. "हिसका लागला आन् तिची याद आली, परत द्यायचा राहूनच गेला. बोलू नको वं. तुई वहिनीच वर हाये, असं समजू दे मले थोडा वेळ."

तो वर येईपर्यंत मी तोंडातून अक्षर काढलं नाही.