पाहुण्या डॉक्टरांचं इस्पितळ

बेटावर इस्पितळ एकच, आणि तिथले डॉक्टर कायमचे पाहुणे. समुद्रापलीकडच्या मोठ्या देशाशी बेटाचा जुना करार होता. त्यांनी डॉक्टर पाठवायचे, यंत्रं पाठवायची, बेटावरच्या हुशार मुलांना आपल्याकडे फुकट शिकवायचं. बदल्यात बेटाने त्यांच्या जहाजांना बंदरात थारा द्यायचा आणि जगाच्या सभांमध्ये त्यांच्या बाजूने हात वर करायचा. हात वर करायला मंत्री होते. आलेल्या डॉक्टरांना सांभाळायचं काम थोरल्या सिस्टरच्या गळ्यात पडलं होतं.

डॉक्टर बोटीतून उतरायचा तोच ओकून ओकून पांढराफटक झालेला. सिस्टर त्याला धरून आणायची आणि पहिल्यापासून धडे द्यायची. नळाचं पाणी उकळल्याशिवाय प्यायचं नाही. जनरेटर रुसला तर वायरमनला हाक मारायची, स्वतः हात घालायचा नाही. कोपऱ्यातल्या खाटेवरच्या आजींना काही झालेलं नाही, सुनेशी भांडण झालं की त्या भरती होतात. डॉक्टर जरा रुळला, पेशंटला नावाने हाक मारायला लागला, की त्याची दोन वर्षं भरायची. मग हार, फोटो, "सिस्टर, तुम्हाला कधी विसरणार नाही." बहुतेक जण विसरायचे. त्याचं तिला आता काही वाटत नसे. पण नव्याला पुन्हा नळापासून सुरुवात, या विचारानेच तिचे पाय भरून यायचे.

"कसा आहे या वेळचा?" नवरा विचारायचा. तो बंदरात लाँच चालवायचा.

"मागच्यासारखाच. फक्त उंच आहे."

एका गोष्टीवर ती तग धरून होती. त्याच करारातून तिची लेक डॉक्टर व्हायला तिकडे गेली होती. ती परत आली की इस्पितळाला घरचा डॉक्टर मिळणार होता, आणि सिस्टर पेन्शन घेऊन पाय पसरून बसणार होती.

लेकीचा फोन आला तेव्हा ती वॉर्डातल्या चादरींच्या घड्या घालत होती.

"आई, बसलीयेस का?"

"उभी आहे. बोल."

"मला इथेच नोकरी मिळालीय. मी हो म्हटलंय." लेक भराभर पुढे म्हणाली, "तिकडे येऊन मी काय करू गं? एक्स-रेचं यंत्र बंद, भूल द्यायला माणूस नाही. तूच तर सांगत असतेस."

ते खरं होतं. सिस्टरने हातातल्या चादरीची घडी पूर्ण केली. "वेळेवर जेवत जा," एवढंच ती म्हणाली.

घरी तिने नवऱ्याला सांगितलं. त्याने विचारलं, "पोरीचं चुकलं का?"

"नाही."

"मग रडतेस कशाला?"

"चुकलं असतं तर रागावता तरी आलं असतं."

पुढच्याच महिन्यात कराराचं नूतनीकरण आलं. इस्पितळाला रंग लागला, नवं एक्स-रे यंत्र आलं, त्याला रिबीन बांधली. आरोग्यमंत्र्यांनी भाषणात सिस्टरला पुढे बोलावलं. "या माउलीची लेक मित्रदेशात डॉक्टर झाली. लवकरच ती याच इस्पितळात सेवा देईल!" टाळ्यांचा कडकडाट झाला.

त्या मोठ्या देशाचे राजदूत वयस्कर होते. त्यांनी पुढे होऊन विचारलं, "कधी येतेय लेक?"

सिस्टर सकाळपासून उभी होती. पाय सुजले होते. 'येईल लवकर' असं म्हणून सुटता आलं असतं, पण खोटं बोलायलाही अंगात त्राण लागतं.

"नाही येणार, साहेब. तुमच्याकडेच राहतेय. गुणी आहे, सांभाळून घ्या."

मंत्र्यांचा चेहरा खाडकन उतरला. राजदूत मात्र तिथून हलले नाहीत. "मी काय करू शकतो, सिस्टर?"

"पाठवाल तो डॉक्टर जरा टिकणारा पाठवा. दर दोन वर्षांनी नव्याने शिकवणं आता माझ्याच्याने होत नाही."

पाहुण्यांची पाठ वळल्यावर मंत्री तिच्यावर उखडले. "दोन देशांच्या मैत्रीत तुमच्या घरच्या गोष्टी कशाला?"

"माझ्या लेकीला मैत्रीत तुम्हीच ओढलंत, साहेब," ती म्हणाली आणि वॉर्डात निघून गेली.

नव्या करारात डॉक्टरची मुदत दोनाची चार वर्षं झाली. तिच्या बोलण्याने झाली की आधीच ठरलं होतं, हे तिला कुणी सांगितलं नाही, तिनेही विचारलं नाही. लेक काही आली नाही. सिस्टरचा पेन्शनचा अर्ज मंजूर झाला होता, तो तिने सहा महिने पुढे ढकलून घेतला.

नवी डॉक्टर चाळिशीची बाई होती. धक्क्यावर उतरल्या उतरल्या ती पायरीवर मटकन बसली. सिस्टरने पाण्याची बाटली पुढे केली.

"उकळलेलं आहे. नळाचं कधी प्यायचं नाही."

बाईने चूळ भरली, दोन घोट घेतले. "तुम्ही असाल ना इथे?"

"तुम्ही रुळेपर्यंत आहे."

"मग मी रुळायची घाई करत नाही बाई."

सिस्टरला हसू आलं. सामान उतरवायला अजून वेळ होता. ती बाईच्या शेजारी पायरीवर टेकली, चपला काढल्या, आणि दोघी सामानाची वाट बघत बसून राहिल्या.