फोनवर सांगितलेला पहिला भाव

पुढे लोक फोन कसा वापरतील, हे लालबागच्या मिरची गल्लीत सगळ्यांत आधी मला कळलं होतं. निदान तेव्हा मी तसं छातीठोक सांगायचो. शेजारचे दुकानदार व्हिडिओ कॉलला पोरांचा खेळ म्हणत. माझं गणित वेगळं होतं. जुनी गिऱ्हाइकं लांब राहायला गेली, तरी होळी झाली की वर्षाचा मसाला करणारच. त्यांना येणं जमणार नाही, पण भांडणं जमेल. मी गाळ्यात चांगला दिवा लावून घेतला. फोनसमोर बेडगी धरायची, रंग दाखवायचा, मोडून ती किती कडकडीत वाळली आहे ते ऐकवायचं.

मी पोती वाहून वर आलोय. भांडवल म्हणजे माझी जीभ. मी चढा भाव सांगायचा, बाईने तो अर्ध्यावर आणायचा, मी भडकायचं, तिने तरातरा पुढच्या दुकानाकडे निघायचं, मग मी हाक मारायची. परळची एक मालवणी काकी यात मला पुरून उरायची. "मेल्या, तुझ्या बापाशीन पिकवल्यान काय ही मिरची?" इथून सुरुवात. तिचा भाव ठरला की तिच्या इमारतीतल्या सगळ्या बायका माझ्याकडूनच न्यायच्या. ती गेली तर अख्खी इमारत गेली.

यंदा गुडघ्यांमुळे तिने व्हिडिओ कॉल केला. मी खुशीत होतो. नेहमीसारखा चढा भाव सांगितला आणि शिवीची वाट पाहत राहिलो.

"बरां," ती म्हणाली. "ठेवतंय."

मला वाटलं, रेंज गेली. पण पुन्हा फोन आला नाही, त्या इमारतीतलं कुणी फिरकलंही नाही. शेवटी नमुना घेऊन मीच तिच्या घरी गेलो. ओट्यावर मिरचीची सीलबंद पाकिटं रचलेली होती.

माझं डोकंच फिरलं. "काकी, इतकी वर्षं माझा जीव खाल्लात, आणि यंदा साधी शिवीसुद्धा नाही?"

"तू भाव सांगलंस, माका परवडाक नाय. सून म्हणता, कित्याक घासाघीस?"

पहिला भाव म्हणजे भांडायला या, असं बोलावणं. हे तिलाच माहीत नव्हतं? मी तिथल्या तिथे इतका खाली उतरलो, जितका आयुष्यात कधी उतरलो नव्हतो.

"आता घेतलंय रे," ती म्हणाली. तिने पाकिटांकडे बघितलं, माझ्याकडे नाही.

सून चहा ठेवत म्हणाली, "काका, पुढे तर फोनच भाव करेल. आपण नुसतं सांगायचं, एवढ्यात बसव."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"दुसऱ्याला विचारेल."

"माझ्यावर चिडणार नाही?"

"चिडेल कशाला?" ती हसली. समजूत घालावी तसं.

चहा तसाच ठेवून मी निघालो. गाळ्यावर आल्या आल्या पाटी लिहिली: एकच भाव. काकीला शेवटी सांगितलेलाच आकडा टाकला. संध्याकाळी एक बाई थांबली. मी सवयीने आवाज चढवायला तयार. तिने पाटीचा फोटो काढला, मिरचीला हातही न लावता शेजारच्या दुकानासमोर गेली, आणि तिथल्या पाटीचाही काढला.

मी हाक मारली. तिने वळून पाहिलं नाही.