वीज वाचवतोय

"झोपलो नाय, वीज वाचवतोय," डोळे न उघडता काका म्हणायचे.

आमच्या काजूच्या कारखान्यात ते कॉम्प्रेसर सांभाळत, मी वायरमन. तुम्ही म्हणाल, काजूला दाबलेली हवा कशाला? अहो, निवडणीचं मशीन डागी गर फुंकरीने बाजूला उडवतं. फुंकर ओली निघाली की गर मऊ पडतात. आणि रत्नागिरीची हवा म्हणजे न पिळलेला पंचाच! म्हणून ती सुकवायला शेठनी नवा ड्रायर आणला. तो हवा गार करून सुकवतो, हे ऐकून काका चक्रावले.

"सुकवायचं तर ऊन नको काय? गारव्यात कधी सुकट वाळली?"

मी गार पाण्याच्या तांब्याचा दाखला दिला. तांब्याला बाहेरून घाम सुटतो, तो हवेतलाच ओलावा. तसंच इथे हवेतलं पाणी सुटतं, नळीतून गळून जातं आणि कोरडी हवा पुढे जाते.

"म्हंजे तांब्या सुकला?"

"तांब्या नाही हो, हवा!"

"पन ओला तर तांब्या झाला."

खरं सांगू, तिथे माझंही डोकं फिरलं.

दुसऱ्याच दिवशी काका धापा टाकत आले. "मशीन मेला रे! देवाशपथ, मी हात लावला नाय!"

'नवं मशीन जमलं नाही तर घरी बसा,' असं शेठनी आधीच बजावलं होतं. काकी गेल्यावर त्या घरात बसायचं म्हणजे काकांना शिक्षाच. मी पाहिलं तर मशीन ठणठणीत. आत पुरेसा गारवा साठला की ते आपोआप थांबतं, फुकट वीज खात नाही. हवा साठलेल्या गारव्यावर सुकत राहते.

"बंद हाय आनि काम पन करताय?"

"हो."

"मग खराच मेला तर कळनार कसा?"

"बघितलं की कळतं हो," म्हणून मी वेळ मारून नेली.

तेव्हापासून मशीन थांबलं की काकाही शेजारच्या स्टुलावर डोळे मिटून बसायचे. सोलणीच्या बायका चिडवायच्या, "काका, घोरताय काय?" उत्तर ठरलेलं. मलाही त्याची सवय लागली होती, लळाच म्हणा ना.

त्या दुपारी मशीन थांबलेलं, काका स्टुलावर, भिंतीला टेकून.

"काय काका, वीज वाचवताय?"

हूं नाही की चूं नाही. थट्टा चाललीय म्हणून मी चहा प्यायला गेलो. परत आलो तेव्हा काका तसेच होते. मी बघितलं. मला काही कळेना.

तेवढ्यात मशीन घरघरत सुरू झालं. आता काकाही उठतील म्हणून मी तिथेच उभा राहिलो.