वरचं बिऱ्हाड

लग्न होऊन साखऱ्याच्या शिवारातल्या बागेत आले तेव्हा आमचा भाग अजून परभणी जिल्ह्यात होता. बाग म्हणजे दोन एकर. पेरू, सीताफळं, लिंबाची चार झाडं, विहीर, दोन खोल्यांचं घर आणि घरामागं एक थोराड चिंच. पलीकडं आमचंच कपाशीचं वावर. घरात माणसं तीन: मी, हे, आणि माझे सासरे. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या. सासऱ्यांना मी मामा म्हणायची आणि ते मला माय म्हणायचे. आमच्याकडं लेकीसुनेला मायेनं तसंच म्हणतात.

चिंचेवर वाघळं होती. चार-दोन नव्हे, फांदी दिसू नये इतकी. दिवसभर उलटी लटकून कलकल करायची, जागेवरून भांडायची, आणि दिवेलागणीला चरायला निघायची. लग्नाला आठ दिवस झाले नव्हते, मी माझं लग्नातलं पिवळं पातळ चिंचेखालच्या दोरीवर वाळत घातलं आणि सकाळी पाहते तर त्यावर जांभळाचे डाग. वाघळांनी खाल्लेली जांभळं कुठल्या रूपात खाली येतात ते सांगायला नको. मी परात आणि उलथणं घेतलं आणि झाडाखाली उभी राहून बडवत सुटले. मी पहिल्यापासून घाईची आणि तापट. चूल पेटायच्या आत ही भाकरी थापते, असं माझी आई म्हणायची.

मामा विहिरीवरून आले. तेव्हा त्यांना दिसत होतं.

"काहून उठवून राहिली त्यांना, माय? ते वरचं बिऱ्हाड हाये आपलं. तू यायच्या आधीचं हाये."

"बिऱ्हाड भाडं देतं, मामा."

"हे बी देते," ते म्हणाले आणि झाडाखालचा सडा घमेल्यात भरायला लागले. तेच खत ते लिंबांना घालायचे. आमच्या लिंबांना रस होता, हे मला कबूल करावं लागलं. पातळ मात्र वाया गेलं ते गेलंच.

मामांच्या घरात वाघळांच्या काही रीती होत्या. बाकी पेरूंना फळ धरलं की एकेका फळाला जुन्या लुगड्याच्या चिंध्या बांधायच्या, पण विहिरीजवळची दोन झाडं उघडी ठेवायची. ती वरच्या बिऱ्हाडाची. दिवाळीत फटाका वाजवायचा नाही, पणत्या लावायच्या. आणि सगळ्यात मोठी रीत जेवणाची. संध्याकाळी वरचं बिऱ्हाड पोटाच्या मागं निघाल्याशिवाय खालच्यांनी ताटावर बसायचं नाही. ही रीत कुणी घातली ते मामांनाही ठाऊक नव्हतं, त्यांचे वडील पाळायचे म्हणून तेही पाळायचे. हे सेनगावच्या नोकरीवरून उशिरा यायचे, त्यांना त्याचं काही नव्हतं. अडचण माझी होती. सासऱ्यांचं झाल्याशिवाय सुनेनं जेवायचं नाही ही आमच्याकडची दुसरी रीत, त्यामुळे माझ्याही पोटाची वेळ वाघळं ठरवायची. पावसाळ्यात ती रेंगाळली की मी चुलीपाशी बसून कुरकुरायची, "सांगा की मामा त्यांना, खाली एक बाई उपाशी बसली म्हणावं."

मामा हसायचे. त्यांना माझी कुरकुर आवडायची असं मला वाटतं.

आम्हाला लेकरू झालं नाही. पाव्हण्यारावळ्यांना कारण लगेच सापडलं. घरामागं वाघळं लटकलेली असल्यावर पाळणा कसा हलेल, तोडा ती चिंच, असं तोंडावर सांगून जायचे. मामा म्हणायचे, "त्यांच्या घरी तं दर साली हलते." एका उन्हाळ्यात त्यांनी मला बोलावून एक फांदी दाखवली. एक वाघूळ पंखांत पिल्लू घेऊन लटकलं होतं. पिल्लाचं तोंड आईच्या बगलेत आणि आई त्याचं डोकं चाटत होती. मी बराच वेळ पाहत उभी राहिले. त्या दिवसानंतर मी परात वाजवली नाही.

पुढं मामांची नजर गेली. काचबिंदू होता. हिंगोलीच्या डॉक्टरांनी तपासलं आणि उशीर झाला म्हणाले. मामांनी परतीच्या एसटीत मला फक्त पेरूंच्या चिंध्या बांधल्या का म्हणून विचारलं. बागेत फिरणं थांबलं, बाज ओसरीवर आली. दिवसभर ते वरच्या बिऱ्हाडाची कलकल ऐकत बसायचे. संध्याकाळी पहिलं वाघूळ सुटलं की ओलं धोतर झटकल्यासारखा आवाज यायचा. मामा मान वर करायचे. "निघालं." मग एकामागं एक धोतरं झटकली जायची. शेवटची एक-दोन चुकार राहतात, ती ऐकू येत नाहीत. म्हणून ते मला विचारायचे, "गेली काय सगळी, माय?" मी मागच्या दारातून पाहून सांगायची, "गेली." मग ते हात धुवायचे. त्यांच्या दिवसात तेवढीच एक गोष्ट उरली होती, आणि ती माझ्या शब्दावर होती.

हिंगोली वेगळा जिल्हा झाल्यानंतरचा दुसरा की तिसरा उन्हाळा. विहिरीनं तळ दाखवला होता, पोहऱ्यात पाण्यापेक्षा गाळ जास्त यायचा. मे महिन्यातली दुपार होती. वाघळं फांद्या सोडून खाली बुंध्याकडं सरकली होती, सावलीच्या बाजूला घोळक्यानं लटकून पंखांनी वारा घेत होती. कलकल बंद होती. तेवढ्यात काहीतरी पडल्याचा आवाज झाला.

"काय पडलं, माय?"

"वाघूळ, मामा."

दुसरं पडलं. मामा बाजेवरून उठले आणि भिंत चाचपत चिंचेपर्यंत गेले. बुंध्यावर हात ठेवून उभे राहिले. "पाणी मार त्यांच्यावर. कसं बी कर, पण मार." दहा वर्षांत त्यांनी माझ्याकडं स्वतःसाठी काहीही मागितलं नव्हतं.

मी बादली आणि तांब्या आणला. वर भिरकावलेलं पाणी अर्ध्यातून परत येऊन मातीत जात होतं, आणि तेवढं पाणी वाया घालवायची आमची ऐपत नव्हती. मग मला पंप आठवला. गोठ्यात खुंटीला कपाशीवर औषध मारायचा पाठीवरचा पंप टांगलेला होता. दसऱ्यापासून त्याला कुणी हात लावला नव्हता. पंप दुसऱ्या कशाला वापरायचा तर सोडा घालून तीनदा धुवायचा, हे ह्यांनी मला दहादा बजावलं होतं. मी एक तांब्या पाणी आत टाकलं, हलवलं आणि काट्यांच्या कुपाटीशी ओतून दिलं. आणखी दोन तांबे मला परवडत नव्हते. वास आला होता. पण गोठ्याला तो वास बारमाही होता, आणि मला घाई होती. खरं सांगायचं तर मला माझ्या डोक्याचं कौतुकही वाटत होतं.

बैलगाडी बुंध्याशी ओढली, वर चढले आणि दांडा हलवायला लागले. बारीक तुषार त्यांच्यावर बसला. वाघळं शांत झाली. पंखांवरचं पाणी चाटायला लागली, पिल्लांच्या अंगावरचं चाटायला लागली.

"पिऊन राहिली, मामा. चाटून चाटून पिऊन राहिली."

मामांचा चेहरा मी इतका उजळलेला कधी पाहिला नव्हता. म्हणाले, "लय पुण्य लागंल तुला, माय."

मी दोन पंप मारले.

त्या संध्याकाळी धोतरं थोडीच झटकली गेली. माझा तुषार पोचला नव्हता त्या पलीकडच्या बाजूची होती ती. ऊन लागलं असेल, थकली असतील, असं मी म्हटलं. मामांनी विचारलं तेव्हा मी "गेली" म्हटलं. सकाळी उठून मागं गेले तर गाडीच्या बाजूला मेलेल्या वाघळांनी जमीन दिसत नव्हती. तरी मला उन्हाचंच वाटलं. मग ध्यानात आलं की त्यांना मुंग्या लागलेल्या नाहीत. आमच्या बागेत पेरू पडला तर घटकाभरात मुंग्यांनी काळा होतो. मी एक वाघूळ उचलून नाकाशी नेलं. पंपाचाच वास होता. आपण काय केलं ते मला कळलं होतं आणि ते कुणाला सांगायची माझ्यात हिंमत नव्हती.

घमेली भरभरून लिंबांमागच्या खड्ड्यात नेली. किती झाली ते मोजलं नाही. ह्यांना उन्हानं मेली म्हणून सांगितलं. मामांनाही तेच सांगितलं, आणि चार-दोनच म्हटलं. ओसरीवरून त्यांना माझ्या खेपा ऐकू येत असणार. "बरं," एवढंच म्हणाले.

एक पिल्लू मेलेल्या आईला धरून जिवंत होतं. ते मी टोपलीत घालून चुलीमागं ठेवलं, कापसाच्या बोळ्यानं दूध पाजलं. चीं चीं करायचं. मामांनी विचारलं, "काय बोलून राहिलं घरात?" मी म्हटलं, "उंदराची पिल्लं झालीत, मामा." दुसऱ्या दिवशी दुपारी तेही गेलं. मी रडले, पण पदर तोंडात धरून, बाहेर ओसरीवर ऐकू जाऊ नये म्हणून.

उरलेली वाघळं मी खड्डा भरला त्याच संध्याकाळी गेली आणि परत आली नाहीत. तिसऱ्या दिवशी चिंच मोकळी होती. मामा ओसरीवर मान वर करून बसून राहिले. अंधार झाला, भाकरी गार झाली, ते उठेनात. ते असे जेवायचे थांबले तर काय होईल याची मला भीती वाटली, आणि मी खोटं बोलले. म्हटलं, "उन्हामुळं ती ओढ्याकाठच्या आंब्यावर राह्यला गेली, मामा. तिथून निघतात, म्हणून ऐकू येत न्हाई. मला दिसतात मागच्या दारातून. आत्ताच गेली सगळी."

ते तांब्या चाचपत उठले. मग हात धुतले आणि जेवले.

तेव्हापासून रोज मी मागच्या दारात उभी राहायची, रिकाम्या चिंचेकडं पाहायची आणि सांगायची, "गेली." पाच-सहा वर्षं सांगितलं. पाऊस चांगला झाला तेव्हा मामांनी एकदाही विचारलं नाही की आता ती परत का येत नाहीत. मला ते बरंच वाटायचं. म्हाताऱ्याचा विश्वास बसला म्हणून मी आतल्या आत सुटल्यासारखी व्हायची आणि त्याच वेळी मला माझी शरमही वाटायची. विहिरीजवळच्या दोन झाडांचे पेरू पिकून पडायचे. त्यांना मी चिंध्या बांधल्या नाहीत.

मामांनी अंथरूण धरलं तो हिवाळा होता. तीन दिवस पोटात काही नव्हतं. संध्याकाळी मी पेज घेऊन उशाशी बसले आणि सवयीनं म्हटलं, "गेली सगळी, मामा. दोन घोट घ्या."

"ती तवाच गेली, माय," ते म्हणाले. "तुझ्या लुगड्याला वास येऊन राहिला होता पंपाचा. गाडीवरून उतरली तवाच आला मला."

मी हातातली वाटी खाली ठेवली.

"मग मी 'गेली' म्हटलं की तुमी जेवत काहून होते?"

"मी न्हाई जेवलो तं तू बी उपाशी राहिली असती."

मी त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं आणि त्या वेळी पदर तोंडात धरला नाही. त्यांनी हात चाचपत माझ्या डोक्यावर आणून ठेवला आणि पेज गार होते म्हणाले. दोन घोट घेतले. मग मलाही ताट वाढून घ्यायला सांगितलं आणि मी जेवत असल्याचा आवाज येईपर्यंत जागे राहिले.