सिमेंटवरचा गेरू

वडीगोद्रीपासून आत दोन कोसांवरच्या वस्तीत चांगुणाबाई लग्न होऊन आल्या, तेव्हा सासूनं त्यांना पहिलं काम दिलं ते भिंत सारवायचं. सारवण वाळल्यावर त्यांनी कुणाला न विचारता तिच्यावर गेरूनं दोन मोर काढले. सासू रागावली नाही, उलट शेजारणींना बोलावून दाखवलं. मग दर दिवाळीआधी अख्ख्या आळीच्या भिंती त्यांच्या हाताखालून जाऊ लागल्या. पांढरी माती, गेरू, चुलीतला कोळसा आणि कुंचल्यासाठी ठेचलेली कडुलिंबाची काडी, एवढंच सामान.

पुढं घरं सिमेंटची झाली, रंग डब्यातून आला. चांगुणाबाईंना कुणी बोलवेना. भाकरी थापताना परातीतल्या पिठावर मात्र त्यांचं बोट आपसूक वेली काढायचं.

गेल्या वर्षी शाळेतल्या शीतल मॅडम चांगुणाबाईंच्या नातीच्या दाखल्यासाठी घरी आल्या आणि त्यांनी ते पीठ पाहिलं. त्यांनी मोबाइलवर एक फोटो शोधून दाखवला. आफ्रिकेतल्या इग्बो बायकांनी रंगवलेली मातीची भिंत होती ती. काळ्या-तांबड्या रेघा, सरडा, चंद्रकोर, आणि मधे ऐसपैस मोकळी जागा.

"ह्या बी बायाच काढत्यात?" चांगुणाबाईंनी विचारलं.

"हो मावशी, सगळ्याजणी मिळून. पावसानं धुतलं की पुन्हा काढायचं."

"आपल्यावानीच की! पर इतकी जागा रिकामी कामून सोडली?"

"त्यांची रीतच आहे तशी."

"मी तं तिळभर जागा सोडत न्हाई," चांगुणाबाई हसल्या.

जाता जाता मॅडमनी शाळेची कुंपणाची भिंत त्यांना रंगवायला देऊन टाकली.

रविवारी त्यांनी अर्धी भिंत भरली. मंगळवारपर्यंत गेरूची भुकटी झाली आणि पोरांच्या पांढऱ्या सदऱ्यांच्या पाठी तांबड्या झाल्या. नळावर आळीतल्या गिरिजाबाई सगळ्यांना ऐकू जाईल अशा बोलल्या, "सिमेंटवर कुठं गेरू धरतो का? उगी आपला नाद!"

चांगुणाबाई दोन दिवस घराबाहेर पडल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांना आठवलं, सासरे भिंतीला द्यायच्या चुन्यात बाभळीचा डिंक घालायचे, अंगाला लागू नये म्हणून. त्या तशाच उठल्या, बांधावरच्या बाभळींचा डिंक वेचून आणला, भिजवला, गेरूत कालवला आणि शाळेच्या मागच्या बाजूला वीतभर पट्टा ओढला. दुसऱ्या दिवशी त्यावरून ओलं फडकं घासलं. फडकं कोरं निघालं.

त्या सरळ गिरिजाबाईंच्या दारात गेल्या.

"गिरिजे, धरला गेरू. चल आता, मला एकटीला उरकायचं न्हाई."

"माझी सवय मोडली आता," गिरिजाबाई म्हणाल्या.

"मोडली तं जोड."

पाहता पाहता सातजणी जमल्या, पांढऱ्या रंगासाठी डिंक घातलेला चुनाही आला. पाच दिवस शाळेपुढं नुसता गलका होता. कुणी कणसं काढली, कुणी मोसंबीचं झाड, कुणी कपाशीची बोंडं. गिरिजाबाईंच्या शेळ्या तर अशा उतरल्या की पोरं त्यांना नावं ठेवायला लागली. चांगुणाबाईंनी मात्र भिंतीच्या मधोमध बाजेएवढी जागा सोडली.

"हितं काय काढू?" काडी बुडवून गिरिजाबाई तयारच होत्या.

"काही न्हाई. तिथं नजर टेकू दे."

गिरिजाबाईंना ते पटलं नाही. पण लांब जाऊन पाहिलं, तशी त्यांनी काडी खाली ठेवली.

भिंतीची बातमी मास्तरलोकांत फिरली आणि अंबडजवळच्या एका शाळेनं चांगुणाबाई आणि गिरिजाबाईंना बोलावणं धाडलं. स्वतःच्या कामासाठी चांगुणाबाई पहिल्यांदाच एसटीत बसल्या. मांडीवर झाकणाचा डबा होता.

"डब्यात काय हाय, मावशी?" कंडक्टरनं विचारलं.

"चुना हाय, दादा."

"कोणाला लावायला चालल्या?"

"शाळंला!" चांगुणाबाईंच्या आधी गिरिजाबाईच बोलल्या, आणि अर्धी गाडी हसली.