हरफ हमारे, मतलब तुमारा

"हरफ हमारे, मतलब तुमारा."

कुणाचंही पत्र वाचायला घेण्याआधी खाला हे बजावायच्या. अक्षरं मी वाचते, अर्थ तुमचा तुम्ही लावा. मग पडद्याखालून एक हात बाहेर यायचा, कागद घेऊन आत जायचा. मी त्यांच्या शेजारी वीस वर्षं राहिलो, पण त्यांचं तोंड कधी पाहिलं नाही. तेव्हा ज्यांना नाकडोळ्यांचं वर्णन हवं असेल त्यांनी माझ्या नादी लागू नये. माझ्याजवळ एक हात आणि एक आवाज आहे.

खालांना वाचता यायचं, लिहिता यायचं नाही. "अब्बाकू डर था," त्या सांगायच्या, "लिखना आया तो छोकरी किसकू तो भी खत लिखेगी." वाचण्यात काही धोका नाही, असं त्या भल्या माणसाला वाटलं असावं.

माझं लग्न ठरलं तेव्हा मी हैदराबादेत एका कचेरीत उमेदवार होतो. म्हणजे काम सगळ्यांचं, पगार पुढं कधीतरी. सोयरीक झालेल्या मुलीला पत्र लिहिणं हा तेव्हा निव्वळ निर्लज्जपणा. पण माझं शिक्षण उर्दूतून झालेलं. मी सासऱ्यांच्या नावानं पत्र टाकायचो, भाषा मराठी, लिपी उर्दू. सासऱ्यांना ती येत नव्हती. जावई सरकारी अक्षरात लिहितो याचाच त्यांना अभिमान. ते लेकीला शेजारी पिटाळायचे, "जा, खालाकडनं वाचून आन. काय म्हनत्यात बघ." ती दोन पानं ऐकून यायची आणि सांगायची, "खुशाल हायेत म्हनं."

त्या वर्षी हैदराबादेत प्लेग आला. कचेरी गावाबाहेर तंबूत गेली आणि रजा बंद झाल्या. लग्न दोनदा पुढं ढकललं, तेव्हा सासऱ्यांचा निरोप आला: अक्षयतृतीयेपर्यंत वाट बघू, नाहीतर तेलगावच्या बिजवराला होकार कळवू. आमचे साहेब म्हणाले, "गेलास तर पुन्हा येऊ नकोस." असा दोन्हीकडून कोंडल्यावर मी काय केलं? पत्र लिहिलं. असं लिहिलं की माझेच डोळे भरून आले. "काळजी नको. मी नाही आलो तरी माझी प्रीत तुझ्या दारी येईल."

आता 'प्रीत' हा शब्द आमच्या मुलखात कुणाच्या तोंडी नव्हता. मी तो नाटकात ऐकलेला. शिवाय उर्दू लिपीत 'प्रीत' आणि 'प्रेत' अगदी सारखंच लिहितात. प्लेगच्या गावाहून आलेला कागद, खालांनी प्रीत कशाला वाचावं? त्यांनी वाचलं, "मी नाही आलो तरी माझी प्रेत तुझ्या दारी येईल." माझी की माझं, हा घोळ त्यांच्या मराठीत रोजचाच. त्यामुळं ऐकणारीला शंकाही आली नाही.

ती घरी आली. बापानं विचारलं. "खुशाल हायेत म्हनं," ती म्हणाली आणि चुलीपुढं जाऊन बसली. खरं सांगितलं असतं, तर तेलगाव त्याच दिवशी पक्कं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा पडद्याआड गेली. "खाला, उत्तर धाडायचंय."

"कैसा, बाई? तेरेकू लिखना नै आता, मेरेकू भी नै आता."

मग खाला उठल्या आणि शिवणाची कात्री घेऊन आल्या. "हरफ तो हैं ना," त्या म्हणाल्या.

आठवड्यानं मला तंबूत पाकीट आलं. पत्ता माझ्याच अक्षरात! माझ्या पत्राच्या माथ्यावरचा ठिकाणा कापून चिकटवलेला. आत कोऱ्या कागदावर खळीनं चिकटवलेले तीन शब्द: प्रीत, नको, आओ. पहिले दोन माझे, माझ्याच पत्रातले. तिसरा दुसऱ्याच कुणाच्या हातचा, शाई तपकिरी पडलेली.

तिला म्हणायचं होतं, प्रेत नको, तुम्ही या. मी वाचलं, पुरे झाली तुमची प्रीत, आता या. कानाखाली वाजवावी तसं झालं. त्याच दिवशी निघालो. वाटेत प्लेगच्या तपासणीत दहा दिवस कोंडून ठेवलं, सोडल्यावर कुठं बैलगाडी, कुठं पायी, आणि मांजरसुंब्यापासून तर बहुतेक पळतच. तृतीयेच्या आदल्या दिवशी पोचलो. अंगणात ती होती. मला पाहून लाजेल, घरात पळेल, असं वाटलं होतं. ती पळाली शेजारी. "खाला! प्रेत आलं! चालत आलं!"

नोकरी गेली. मी सासऱ्यांच्याच गावात शाळामास्तर झालो, म्हणजे घरजावई हा शब्द टाळून जे होता येतं ते.

खालांचे मियाँ हैदराबादेत पलटणीत होते. मी यायच्या आधीच त्यांची पत्रं थांबलेली. त्यांनी एकदा बोलावलं होतं म्हणे, पण सासू म्हणाली, मी जिवंत आहे तोवर सून उंबरा ओलांडणार नाही. सासू फार जगली. मी एकदा पडद्यापाशी बसून म्हणालो, "खाला, तुम्ही सांगा, मी लिहितो त्यांना." आतून आवाज आला, "हरफ तुमारे, मास्तर. मतलब किसका?"

गेल्या फाल्गुनात खाला गेल्या. त्यांच्या भाचीनं फडक्यात बांधलेलं एक पत्र आमच्याकडं आणून दिलं. "मास्तरकी घरवालीकू देना बोले थे."

बायकोनं ते माझ्यापुढं ठेवलं. मी वाचू लागलो. अम्मीची विचारपूस, हैदराबादचं पाणी मानवत नाही, एक खोली घेतली आहे. शेवटची ओळ होती, "अब तुम". त्यापुढं कात्रीनं नीट कापलेलं चौकोनी भोक.

"फुडं काय लिवलंय ओ?"

ती उठली, पेटीतून आमचा खळीचा कागद काढला आणि त्यावर खालांचं पत्र ठेवून हळूहळू सरकवत राहिली, भोकात तपकिरी शब्द दिसेपर्यंत.

"आता वाचा," ती म्हणाली.

मी वाचलं, "अब तुम आओ."