शतावरीचा डबा

परवा परभणीच्या दुकानात जनावरांच्या उन्हाळी औषधी भुकटीचं पोतं उघडलं आणि शतावरीचा वास आला.

कैक वर्षांपूर्वी पेडगावला, सासरी, मी महिन्याची बाळंतीण होते. भर उन्हात म्हैस जीभ काढून धापत होती, वैरणीला तोंड लावत नव्हती. मला दूध यावं म्हणून माझ्या माहेरून आलेला शतावरीचा डबा सासूबाईंनी उचलला आणि गुळात कालवून सगळी शतावरी म्हशीला चारली.

मी दारातनं ओरडले, “आईनं माझ्यासाठी दिलती ती!”

“म्हैस आटली तर तू काय पेशील? लेकराला काय पाजशील?” त्या मागं न बघताच म्हणाल्या.

आठ दिवस मी अबोला धरला. रोज सासूबाई दुधाचा पेला माझ्यापुढं ठेवायच्या.

त्या आठ दिवसांत त्यांचा चहा कोरा होता, हे मला पोतं बांधताना आठवलं.